कोपरवाले सर

पहिल्याच तासाला सरांनी आमच्या कोपराला गूळ लावला. म्हणीतला नव्हे, खराखुरा. कराडकडचा गूळ एका स्टीलच्या डब्यात पातळ करून आणलेला होता. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची आम्ही पोरं-पोरी नवेकोरे पांढरे एप्रन घालून, बाह्या वर सारून रांगेत उभी, आणि सर चमच्यानं एकेकाच्या कोपराला गूळ फासत पुढं सरकत होते. सगळ्यांना लावून झाल्यावर फळ्याशी जाऊन म्हणाले, "हं. चाटा."

आम्ही माना वाकड्या केल्या, खांदे पिळले, जिभा लांब केल्या. कुणाचंही कोपर तोंडाशी आलं नाही. सांगलीच्या एका पोरानं सरळ शेजारच्याचं कोपर चाटलं. त्याला सर म्हणाले, "तू इथं कशाला आलास? राजकारणात जा." मग फळ्यावर दंडाचं हाड काढून त्यांनी समजावलं, की कोपर तोंडाशी कधीच येत नाही, पण तोंडाशी हात आणून सोडतं तेच. "स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला जेवू घालणारा सांधा आहे हा. याच्याशी नीट वागायचं." त्या दिवशी हॉस्टेलवर आमच्या एप्रनना मुंग्या लागल्या, पण कोपर मात्र डोक्यात बसलं ते बसलंच.

सरांना चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर नाहीच. ते माणूस हातावरून ओळखायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझं मनगट धरलं, पंजा एकदा उताणा केला, एकदा पालथा केला, आणि विचारलं, "घरी धार कोण काढतं?"

"मी काढते सर. दोन म्हशी आहेत."

"दिसतंय," असं म्हणून त्यांनी माझा हात वर करून सगळ्या वर्गाला दाखवला. "बोटं मिटणारे स्नायू बोटांत नसतात, इथं कोपराखाली, पुढच्या हातात असतात. बघून घ्या. पुस्तकातलं चित्र एवढं चांगलं नाही." त्या दिवसापासून मी 'धार' झाले. पुढं मी तिथंच शिकवायला लागले, लग्न झालं, पोर झालं, तरी सरांसाठी मी धारच. आमच्या वर्गात एक लांबोट्या होता, एक घामट होती, आणि एका बिचाऱ्या गुणी मुलाला तीन वर्षं ते 'नखखाऊ' म्हणत. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण सर म्हणायचे तेव्हा त्यात हिणवणं नसायचंच.

मनगट धरून हात उताणा-पालथा करणं हा त्यांचा नमस्कार होता. डीन असोत नाहीतर भाजीवाली, सर आधी मनगट धरत. "फिरतंय ना? मग बरं चाललंय." पुढच्या हातातली दोन हाडं, त्यातलं एक दुसऱ्यावरून कसं फिरतं, हे त्यांना जन्मभर नवलाचं वाटत आलं. शिकवताना म्हणायचे, "दान देताना हात पालथा, घेताना उताणा. मी वाईच्या भटाच्या घरात जन्मलो. हात उताणा करण्यात आमच्या घराण्याला कुणी हरवणार नाही." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण वाईचा विषय तेवढ्यावरच थांबायचा.

त्याचं कारण होती एक गोमुखी. जप करताना माळ आणि हात झाकायला जी कापडी पिशवी असते, ती. सरांच्या वडिलांची होती, भगवी, कडा विरलेली. सर तोंडी परीक्षेला तिच्यात मनगटाची आठ हाडं टाकत. विद्यार्थ्यानं आत हात घालायचा आणि न बघता, चाचपून, हाड ओळखायचं. तेही तर्जनी बाहेर ठेवून. जपाला तर्जनी चालत नाही, म्हणून परीक्षेलाही नाही. "बाबांनी यात हात घालून देव शोधला," ते म्हणायचे, "तुम्ही निदान हाडं तरी शोधा."

माझ्या वेळी हाताला एक वाटोळं, हरभऱ्याएवढं हाड लागलं. नाव मी बरोबर सांगितलं.

"डावं की उजवं?"

"सर, हरभऱ्याला कुठं डावं-उजवं असतं?"

बाहेरून आलेले परीक्षक दचकले. सर मात्र इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मी पास झाले.

तर या गोमुखीपायी घरात बिनसलं होतं. सरांचे थोरले भाऊ, ज्यांना सर दादा म्हणत आणि म्हणून आम्हीही दादाच म्हणायला लागलो, वाईला भिक्षुकी करत. वडील गेल्यावर सरांना वाढवलं, शिकवलं ते त्यांनीच. धाकटा भाऊ शरीररचना शिकवायला, म्हणजे मुडदे कापायच्या खात्यात गेला, हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण एकदा काही कामानं ते मिरजेला आले, आमच्या कॉलेजात भावाला शोधत गेले आणि ऐन परीक्षेत वडिलांची गोमुखी पाहिली. आत माणसांची हाडं. दादा पाणीही न पिता मागच्या पावली परत गेले. त्यानंतर सर दरवर्षी वडिलांच्या श्राद्धाला वाईला जात, पण दादांनी सरांच्या घरी कधी पाऊल टाकलं नाही, की त्यांच्या हातचं काही खाल्लं नाही. सर एकटेच. लग्न केलं नव्हतं. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीमागं दोन खोल्यांत राहत आणि संध्याकाळी खिडकीतून तारा जुळवल्याचे आवाज ऐकत बसत.

एकदा आम्ही सातारा स्टँडवरून वाईकडं जाणाऱ्या एसटीत होतो. वाईजवळ एक तपासणी शिबिर होतं. समोरच्या बाकावर एक म्हातारी दांड्याला धरून बसली होती. सर तिच्या हाताकडं टक लावून बघत होते. शेवटी राहवेना. "मावशी, झोपेतून हात झाडत उठता का हो?"

म्हातारी चमकली. "आवं व्हय की! मुंग्या येत्यात नुसत्या. तुमास्नी कसं कळलं?"

तिच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आत गेलेला होता. मनगटात दाबली गेलेली शीर, दुसरं काही नाही. सरांनी तिला शिबिराला यायला सांगितलं. पण बाकीच्या एसटीनं ऐकलं ते वेगळंच. हात बघून माणसाचं झोपेतलं सांगतो म्हटल्यावर मागच्या बाकावरनं एक पंजा पुढं आला, मग दुसरा, मग कंडक्टरचा. "माजं लगीन कवा हाय ते सांगा सर," एक मिसरूड फुटलेला गडी म्हणाला. सरांनी त्याचा हात उलटा-सुलटा केला. "लग्नाचं माहीत नाही. पण मोबाईल करंगळीवर टेकवून धरतोस, ते बंद कर. करंगळी वाकायला लागलीय." गड्याचं तोंड पडलं. शेजारचा म्हणाला, "खरं हाय गड्या, लगीन त्यापायीच अडलंय तुजं." वाई येईपर्यंत सर सगळ्या एसटीचे हात बघत होते, आणि त्यांच्याइतकं सुखी मी त्या दिवशी कुणाला पाहिलं नाही.

चिडायचे ते एकाच गोष्टीवर. तेलावर.

कोपराला मार लागला, मोडलं, निखळलं, की आपल्याकडं पहिलं काय करतात? तेल गरम करून चोळतात. पाठ चोळा, गुडघा चोळा, काही बिघडत नाही. पण दुखावलेलं कोपर चोळलं की आतल्या स्नायूतच हाड धरायला लागतं. मांसाचं हाड होतं आणि सांधा जागच्या जागी गोठतो. "गुडघा म्हैस आहे," सर म्हणायचे, "कितीही चोळा, ती काही बोलत नाही. कोपर लाजाळू आहे. हात लावला की मिटलं." ओपीडीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली होती, 'कोपराला तेल लावून आलेल्यास ओरडा खावा लागेल.' आणि तो मिळायचाच.

तासगावकडचा एक पैलवान आला होता. दंड हा एवढा, कोपर काटकोनात अडकलेलं. सरांनी वास घेतला. "तेल लावलं?"

"न्हाई सर! आईच्यान् न्हाई. निसतं चोळलंय."

सरांनी त्याला कोपरापासून हात जोडले. पैलवानानंही परत जोडायचा प्रयत्न केला, पण कोपर अडकलेलं. सर मग ओरडायचेच विसरले आणि त्याच्यावर दीड महिना कामाला लागले.

अशी वीस-पंचवीस वर्षं त्यांनी सांगली-सातारा पट्ट्यात तेलाशी वैर केलं. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं.

त्या पितृपंधरवड्यात मी साताऱ्याला माझ्या कामानं गाडी घेऊन निघाले होते, म्हणून सरांना वाईला सोडलं. मी दारातूनच परतणार होते, पण दादा म्हणाले, "आली आहेस तर बस ओसरीवर, जेवून जा." आत श्राद्धाची तयारी मांडलेली. दादा पाटावर बसले, डाव्या हातानं पळीतलं पाणी उजव्या तळव्यावर घेतलं आणि आचमनासाठी हात वर नेला. हात छातीच्या वर आला आणि थांबला. दादांनी जोर केला, ओठ पुढं काढले, मान खाली घातली. तरी चार बोटांचं अंतर राहिलं. पाणी सोवळ्यावर सांडलं.

श्राद्ध सांगायला आलेले तरुण गुरुजी खाली बघू लागले. दादांचं कोपर तेलानं चमकत होतं. तिळाच्या तेलाचा वास मला ओसरीपर्यंत येत होता.

 मला वाटलं आता सरांचा स्फोट होणार, पण ते नुसते बसून राहिले. श्राद्ध कसंबसं उरकल्यावर कळलं की पावसाळ्यात घाटाच्या पायरीवर शेवाळावरून दादा घसरले होते. ओळखीच्या एका हाड बसवणाऱ्यानं ओढून बसवलं आणि रोज चोळायला सांगितलं. दादांनी मन लावून चोळलं. वहिनी गेलेल्या, मुलगा पुण्याला. शेजारच्या बाईंनी आणून दिलेला भात ताकात कालवून, वाटी डाव्या हातात धरून, ते पिऊन टाकत. डाव्या हातानं घास घेणं त्यांच्यानं होईना आणि उजवा तोंडाशी येईना. यजमान हळूहळू दुसरीकडं जायला लागले होते. ज्या माणसाला आचमन करता येत नाही त्याला पूजेला कोण बोलावणार? पण यजमानांचं दुःख दादांना तेवढं नव्हतं. मुंजीपासूनची संध्या चुकत होती, ते लागलं होतं.

"चल मिरजेला," सर म्हणाले.

"मुडदे कापणाऱ्याच्या घरी?"

"घरी नाही कापत मी."

"मला कोपराला गूळ लावू नकोस. बरं होईल का ते सांग."

सरांनी दादांचं कोपर हलकेच चाचपून पाहिलं. "पूर्ण नाही होणार. पण तोंडाशी येईल असं वाटतं. यावं म्हणून मी काय लागेल ते करीन."

दादा आले. पण अटी घालून आले. स्वतःची भांडी, स्वतःचं पाणी, शेजारच्या काकूंकडून सोवळ्यातला डबा, आणि सरांनी त्यातल्या कशालाही शिवायचं नाही. एवढी सोवळी घेऊन तो माणूस हाडांच्या डॉक्टरांकडं एक्स-रे काढायला आला, तिथं हाडाचा ढग दिसला, आणि डॉक्टर म्हणाले, आता घाई करू नका, चोळणं बंद, जेवढं आपणहून हलेल तेवढंच हलवा. दादांना ते पटेना. "जरा जोर लाव की, एका दणक्यात वाकेल," ते सरांना म्हणत.

"कोपरावर जोर चालत नाही दादा. तुझ्यासारखंच आहे ते."

दादांना आमची व्यायामाची यंत्रं दाखवली तर त्यांनी पाठ फिरवली. मग सरांनी बाजारातून सहाण आणि चंदनाचं खोड आणलं. "रोज गंध उगाळ." दादांचा हात ओळखीच्या कामाला लागला. पुढं-मागं, पुढं-मागं, हलके, दुखेल तिथं थांबत. मग घंटा, मग निरांजन घेऊन ओवाळणं. मी रोज दुपारी जाऊन कोन मोजायची. एवढं गंध उगाळलं गेलं की गल्लीतले तंबोरेवालेसुद्धा कपाळाला टिळे लावून फिरायला लागले. मध्येच दादा चोरी करत. हात वर येईना की मान खाली घालत. सर हनुवटीखाली बोट धरून मान वर करत. "मानेचं काम नाही हे. कोपराला करू दे." मी त्या दोघांना बघत बसे. मला दोघांचाही राग येई आणि दोघांवरही माया दाटून येई.

पण घास येत नव्हता. आणि नुसता ताकभात पिऊन दादा खंगत चालले होते.

एका दुपारी मी गेले तर दादा डबा उघडून बसले होते. वरण-भात, लिंबाची फोड, तूप. भात ताकात कालवायला वाटी शोधत होते. सर उठले. मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता. ऑपरेशनला धुतात तसे कोपरापर्यंत हात धुऊन ते बाहेर आले, हात वर धरून, पाणी कोपरावरून गळत होतं. दादांसमोर मांडी घालून बसले. कुणाला काही न विचारता त्यांनी भात कालवला आणि घास पुढं केला.

दादांनी त्या हाताकडं पाहिलं. 

"किती मुडदे कापलेस या हातानं?"

"मोजले नाहीत."

"हात धुतलास?"

"कोपरापर्यंत."

दादांनी तोंड उघडलं. मला रडू आलं. ते लपवायला मी खिडकीशी जाऊन उगाच पडदा सारखा केला. मागून सरांचा आवाज येत होता, "बघ दादा, आत्ता माझा हात उताणा झाला ना, ते दंडातल्या स्नायूनं केलं, नुसतं वाकवत नाही तो, फिरवतोसुद्धा..." आणि दादांचा, तोंडात घास असतानाचा, "जेवताना ते मुडद्यांचं बोलू नकोस."

मग रोजचंच झालं. सोवळ्याबद्दल कुणी बोललं नाही, अटी कुणी मोडल्या असं म्हटलं नाही. सकाळचं कॉलेज आटोपून सर घरी येत, हात धुत, भरवत. भाऊ भावाशी बोलतात तसं बोलणं फारसं नव्हतंच. तूप जास्त झालं, घास मोठा झाला, लिंबू विसरलास, एवढंच. पण दादांनी वीस वर्षं या घरचं पाणीही तोंडाला लावलं नव्हतं, हे आता बघून कुणाला खरं वाटलं नसतं.

दिवाळी होऊन गेल्यावरची एक सकाळ. सरांनी मला फोन केला, "धार, लगेच ये," आणि ठेवला. मी धावत गेले. गॅलरीत ऊन आलं होतं. दादा आसनावर बसले होते आणि सर दारात उभे, तोंडात टूथब्रश, फेस ओघळतोय त्याचं भान नाही. दादांनी पुन्हा तळव्यावर पाणी घेतलं. हात वर गेला. छाती, गळा, हनुवटी. मान ताठ होती. केशवाय नमः. नारायणाय नमः. माधवाय नमः. तिन्ही वेळा हात ओठांना लागला. चौथ्या नावाला पाणी सोडून दादांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पुढची संध्या सुरू केली. सर एवढंच म्हणाले, "हात छान उताणा होतोय," आणि घाईनं आत तोंड धुवायला गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी कोन मोजला. घास घ्यायला लागतो त्याच्याहून कोपर जास्तच वाकत होतं.

दुपारी मी मुद्दाम थांबले. दादांचा आपल्या हातचा पहिला घास मला बघायचा होता. डबा उघडला. वरण-भात वाढला. सर हाताची घडी घालून, परीक्षेला बसतात तसे, समोर बसले. दादांनी भात कालवला, घास केला, हात उचलला. अर्ध्यावर आणला आणि परत ताटात ठेवला.

"आज हात येत नाहीये रे," दादा ताटाकडं बघत म्हणाले.

माझ्या तोंडून गेलं, "पण दादा, सकाळी तर—"

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. आयुष्यभर एका अंशाची चोरी खपवून न घेणारा तो माणूस उठला. मोरीतला नळ सुरू झाला. हात वर धरून ते बाहेर आले, दादांसमोर बसले आणि ताट आपल्याकडं ओढून घेतलं.

"असतं असं," ते म्हणाले. "कोपरच आहे ते. कधी कधी अडतं."

दादांनी घास घेतला. सावकाश चावला, गिळला.

"उद्यासुद्धा येईल असं वाटत नाही," ते म्हणाले.

"नाही आला तर नाही," सर म्हणाले. "घाई काय आहे?"